पेशंट गेल्यावर डॉक्टर मुलीचं कोण ऐकतं?

(नाशिकमधल्या स्त्री-गटांच्या आरोग्यविषयक बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहीजणींच्या कपाळाला आठी पडली असेल. इतकी वर्षं आपण बायांच्या बाजूनं दवाखान्यांशी भांडत आलो. केस पेपर मिळत नाही म्हणून भांडलो, न विचारता ऑपरेशन केलं म्हणून भांडलो, कळा देणाऱ्या बाईला शिव्या दिल्या म्हणून भांडलो. आणि आज आपण डॉक्टरांच्या दुःखाबद्दल बोलायचं? त्यांना काय कमी आहे? हा प्रश्न रास्त आहे. त्याला बगल न देता मी बोलणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी मोठ्या हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांबद्दल बोलत नाही. मी बोलतेय ती शिकणाऱ्या डॉक्टरांबद्दल. एमबीबीएस संपवून इंटर्नशिप करणारी मुलं-मुली आणि पुढे एमडी, एमएस करणारे निवासी डॉक्टर, ज्यांना आपण रेसिडेंट म्हणतो. बहुतेकांचं वय पंचविशीच्या आसपास. कुठल्याही मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या शिकवणाऱ्या रुग्णालयात रात्री दोन वाजता जो डॉक्टर आपल्याला भेटतो, तो हाच असतो. मोठे डॉक्टर फोनवर असतात. हात लावणारे हात याच पोरांचे असतात.

आता समजा, अशी एक मुलगी स्त्रीरोग विभागात पहिल्या वर्षाला आहे. सुरगाण्याकडून एक बाई बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात तिच्यासमोर येते. अंगात रक्त आधीच कमी. घरून निघायला उशीर, गाडी मिळायला उशीर, वाटेत एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवण्यात उशीर. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात मातामृत्यूमागे तीन उशीर सांगतात. निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिले दोन उशीर या मुलीनं पाहिलेलेच नसतात. पण बाईचा श्वास थांबतो तो तिच्या हाताखाली. म्हणजे गरिबीचा, रस्त्याचा, रक्तपेढीचा, सगळ्याचा हिशेब तिच्या नावावर लागतो. बाहेर नातेवाईक उभे असतात, त्यांना सांगायचं तिनंच. कागद भरायचे तिनंच. आणि अर्ध्या तासात शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत असते, तिचंही तिनंच बघायचं.

या मुलीला त्या रात्री कोणी विचारतं का, "बाई, तू बरी आहेस ना?" बहुतेक वेळा नाही. तिला विचारतात, "नोट्स लिहिल्यास का?" सकाळच्या राउंडला विचारतात, "अमुक इंजेक्शन किती वाजता दिलंस?" हे प्रश्न चुकीचे नाहीत, विचारलेच पाहिजेत. पण तेवढेच प्रश्न विचारले जातात. रडली तर म्हणतात, "या लाइनीत रडून चालत नाही." आपल्या ओळखीचं वाक्य आहे ना हे? सासरी नांदणाऱ्या पोरीला हेच ऐकवतात. सहन कर, सवय होईल.

सवय होते, हे खरं. पण ती कशाची होते ते बघू या. न बोललेलं दुःख विरघळून जात नाही, ते दुसऱ्या कोणावर तरी निघतं. लेबर रूममध्ये ते टेबलावरच्या बाईवर निघतं. मांडीवर बसणारी चापट, "तेव्हा नाही का ओरडलीस" हा घाणेरडा टोमणा, बाईच्या भीतीकडे पाठ फिरवणं, हे सगळं आपण ऐकलंय, काहीजणींनी सोसलंय. ते सगळं डॉक्टरांच्या दुःखातूनच येतं असं मी म्हणत नाही. त्यात जात आहे, वर्ग आहे, बाईच्या शरीराबद्दलची घृणा आहे. आणि थकलाय म्हणून कोणाला हात उगारायची मुभा मिळत नाही. पण ज्या मुलीला स्वतःच्या मनातली कळ दाबायला शिकवलं, ती दुसरीची कळ ऐकायला कुठून शिकणार? म्हणून हा विषय आपला आहे. डॉक्टर मुलीला कोणी ऐकलं नाही, तर त्याची किंमत शेवटी गरीब बाई मोजते.

नाशिकला हे सांगायची गरज पडू नये. 21 एप्रिल 2021 ला आपल्या महानगरपालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठ्याचा दाब कमी झाला आणि करोनाच्या 22 रुग्णांचा त्यात जीव गेला. पुढे हा आकडा आणखी वाढला. त्या दिवशी नातेवाईकांचा आक्रोश सगळ्या देशानं पाहिला, आणि पाहायलाच हवा होता. समिती नेमली गेली, टाकीची आणि पुरवठ्याची चौकशी झाली. पण त्या वॉर्डात हातानं छाती दाबत, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे धावणारे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी यांचं मन हा कुठल्याच चौकशीचा विषय नसतो. एका वेळी इतकी माणसं डोळ्यांसमोर जाताना पाहून ही माणसं दुसऱ्या दिवशी ड्युटीवर कशी गेली असतील?

दुसरं उदाहरण नांदेडचं. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला तिथल्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यात 12 नवजात बाळं होती. हे शिकवणारं रुग्णालय, म्हणजे तिथे शिकणारे डॉक्टर होतेच. औषधं, माणसं, खाटा यांच्या तुटवड्याचे प्रश्न उठले. आणि मग एक खासदार येऊन अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावतात. कॅमेऱ्यासमोर. बाळं का गेली हा प्रश्न बाजूला राहिला. वरच्यानं खालच्याला अपमानित करायचं, खालच्यानं त्याच्या खालच्याला. या उतरंडीच्या तळाशी सगळ्यात शेवटी कोण असतं? ज्यूनिअर रेसिडेंट, त्याच्या खाली इंटर्न, सिस्टर, मावशी, आणि सगळ्यांच्या खाली खाटेवरची बाई.

परदेशात या विषयावर बोलणं जरा आधी सुरू झालं. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी 2000 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिताना एक शब्द वापरला, त्याचा अर्थ 'दुसरा बळी'. उपचारात चूक झाली की पहिला बळी रुग्ण, आणि त्या धक्क्यात सापडलेला डॉक्टर हा दुसरा. शब्द गाजला. पण पुढे ज्यांची माणसं उपचारातल्या चुकीनं गेली त्या कुटुंबांनीच त्याला हरकत घेतली. बळी आमचा माणूस आहे, डॉक्टरला बळी म्हणू नका, त्यानं जबाबदारी पुसली जाते, असं त्यांचं म्हणणं. मला ही हरकत पटते. सहानुभूतीसाठी डॉक्टरला बळी ठरवायची गरजच नाही. एखादीच्या हातून काम करताना माणूस गेला, तिला त्रास होतोय, एवढं पुरे आहे. आणि पुष्कळदा तर कोणाचीच चूक नसते, तरी मृत्यू मनाला चटका लावतोच.

आपल्या देशाचे आकडेही आता आले आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एक कृतिदल नेमलं होतं. त्याचा अहवाल 2024 साली आला. ऑनलाइन पाहणीत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या पाच हजारांहून जास्त डॉक्टरांनी उत्तरं दिली. त्यांतल्या सुमारे 31 टक्के जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण सुमारे 16 टक्के होतं. ज्यांना उत्तर द्यावंसं वाटलं त्यांचीच ही पाहणी आहे, म्हणून आकडा जपून वापरायला हवा. पण तो अर्धा केला तरी झोप उडवणारा आहे.

मग करायचं काय? इथे मला वाटतं, आपल्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे. 1975 साली पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद झाली, त्या काळापासून आपण बाया गोलात बसून बोलायला शिकलो. व्यासपीठ नाही, अध्यक्ष नाही, एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नवऱ्याचा मार हे माझं नशीब नसून सगळ्यांचा प्रश्न आहे, हे आपल्याला पुस्तकातून कळलं नाही, शेजारणीचं ऐकून कळलं. डॉक्टर मुलींनाही हेच हवंय. बरोबरीच्या माणसांनी बरोबरीच्या माणसाचं ऐकणं. जी कालच त्या वॉर्डातून गेली, तिला सगळं समजावून सांगावं लागत नाही.

हे काही हवेतलं नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयात सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांना आधार द्यायची तीन पायऱ्यांची पद्धत बसवली. पहिली पायरी आपल्याच विभागातलं माणूस, दुसरी प्रशिक्षण घेतलेले सहकारी, तिसरी मानसोपचार करणारे तज्ज्ञ. बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाच्या, कॅन्सरनं गेलेल्या एका वकिलाच्या नावानं बैठका सुरू झाल्या. त्यांत डॉक्टर, नर्स, सफाई कामगार एकत्र बसून रुग्णसेवेनं मनावर काय ओझं येतं ते बोलतात. आणि आपल्याच मुंबईत, केईएम रुग्णालयात काय झालं ते आठवा. 27 नोव्हेंबर 1973 ला अरुणा शानबाग या परिचारिकेवर अत्याचार झाला. ती 18 मे 2015 ला गेली. मधली जवळजवळ 42 वर्षं तिला सांभाळलं ते तिच्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी, पिढ्यान् पिढ्या. सहकारी म्हणजे काय असू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडच्या वॉर्डात अशी बैठक कशी चालेल? माझ्या मते काही साध्या गोष्टी पाळाव्या लागतील.

पहिली गोष्ट बोलण्याच्याही आधीची. पेशंट गेल्यावर त्या मुलीला थोडा वेळ मोकळं करा. कोणीतरी दोन तास तिची ड्युटी घ्या. चहा द्या, खायला द्या, घरी फोन करू द्या. नातेवाईकांना सांगायला ती एकटी जाऊ नये, वरिष्ठ बरोबर असावा. याला पैसे लागत नाहीत.

दुसरी, बसायचं ते सहा-आठ जणांनी, तीन-चार दिवसांच्या आत, तासभर. काय झालं, मनात काय राहून गेलं, आता काय हवंय, एवढंच. "तू असं का नाही केलंस" हा प्रश्न तिथे बंद. कागदावर काही लिहायचं नाही, तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही. ज्याच्या सहीवर थीसिस आणि परीक्षा अवलंबून आहे, त्यानं त्या गोलात बसायचं नाही. बोलायची भाषा मनाची असावी. मराठी असो, अहिराणी असो. केस इंग्रजीत मांडता येते, दुःख नाही.

तिसरी, सक्ती नको. ज्यांनी धक्का सोसलाय त्यांना लगेच एकदा बसवून सगळं वदवून घेण्याचा उपयोग होत नाही, उलट काहींना त्रासच होतो, असं संशोधन सांगतं. जिला गप्प बसायचंय तिला गप्प बसू द्या. पण तिच्यावर लक्ष ठेवा.

चौथी, आपली सीमा ओळखा. मैत्रीण म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, वॉर्डात जायचं म्हटलं की हातपाय कापतात, औषधांचा आधार घेतला जातोय, मरणाच्या गोष्टी बोलतेय, तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यायचं. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा 2022 पासून आहे, क्रमांक 14416. हा नंबर पाठ करून ठेवा, आपल्या केंद्रांतही भिंतीवर लावा.

आणि पाचवी गोष्ट, जी आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. दुःखाची बैठक वेगळी, आणि काय चुकलं याची चौकशी वेगळी. मातामृत्यूची चौकशी व्हायची सरकारी पद्धत आहे, ती झालीच पाहिजे, आणि ती कोणाला फासावर लटकवण्यासाठी नसून पुढची बाई वाचवण्यासाठी आहे. नातेवाईकांना खरं कळलंच पाहिजे, केस पेपर जसाच्या तसा राहिला पाहिजे. गोलात बसून कोणी कागद बदलायचं ठरवत असेल, तर तो आधार नव्हे, तो कट आहे. जी मुलगी मैत्रिणींसमोर मोकळी झाली, तिला नातेवाईकांसमोर खरं बोलायचं बळ येतं. घाबरलेलं माणूसच लपवाछपवी करतं.

आता एक कडू गोष्ट. 'बरोबरीचे' म्हणजे कोण? 22 मे 2019 ला मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरनं आत्महत्या केली. ती जळगावची, तडवी भिल्ल आदिवासी समाजातली, स्त्रीरोग विभागातच शिकत होती. जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला तो तिच्याच विभागातल्या तीन वरिष्ठ डॉक्टर मुलींवर. त्यांना अटक झाली, आरोपपत्र दाखल झालं. छळाच्या आरोपात पुरुष नव्हते, बायाच होत्या. त्यामुळे चार मुली एकत्र बसवल्या की आधार तयार झाला, असा भाबडेपणा आपण करू नये. जिला राखीव जागेवरून टोमणे ऐकावे लागतात, तिनं त्याच टोमणे मारणाऱ्यांसमोर मन उघडं करायचं? सुरगाण्याहून, पेठेहून, कळवणहून आज मुली डॉक्टर व्हायला निघाल्या आहेत. त्यांच्या हातून पेशंट गेला तर लोक म्हणणार, "कोट्यातली ना!" इतरांच्या हातून गेला तर म्हणणार, "केस अवघड होती." हा फरक ज्या गोलात बोलता येत नाही, तो गोल खोटा आहे. म्हणून कोणाबरोबर बसायचं ते त्या मुलीनं ठरवावं, आणि छळाच्या तक्रारीची वाट या बैठकीपासून वेगळी आणि उघडी असावी.

दुसरा धोका व्यवस्थापनाचा. "आम्ही बैठका सुरू केल्या" असं म्हणून बाकी सगळं झाकता येतं. 1992 च्या केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलंय, सलग काम साधारणपणे 12 तासांहून जास्त नको, आठवड्याला 48 तास. तीस वर्षांनंतर, 2024 च्या त्याच अहवालात, 45 टक्के पदव्युत्तर डॉक्टर आठवड्याला 60 तासांहून जास्त काम करतात असं दिसतं, आणि कृतिदलानं 74 तासांची मर्यादा सुचवली. म्हणजे 48 चे 74 झाले, आणि त्याला आपण सुधारणा म्हणायचं! 9 ऑगस्ट 2024 ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात मारली गेलेली डॉक्टर लांबलचक ड्युटीत जरा पडायला म्हणून सेमिनारच्या खोलीत गेली होती. शिकणाऱ्या डॉक्टरला कडी लागणारी एक खोली, एक संडास, झोपेचे सहा तास, हे जोवर मिळत नाही, तोवर आधाराच्या गप्पा म्हणजे उपाशी माणसाला ढेकर कशी द्यावी ते शिकवणं आहे. आधार मागायचा तो या मागण्यांसकट. त्यांच्याऐवजी नाही.

आपण नाशिकच्या बाया यात काय करू शकतो? पुष्कळ करू शकतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. मुंबईच्या सेहत संस्थेनं वैद्यकीय शिक्षकांबरोबर काम करून एमबीबीएसच्या अभ्यासात स्त्रियांचा दृष्टिकोन आणणारे पाठ तयार केले आणि 2018 मध्ये याच विद्यापीठानं ते स्वीकारले. म्हणजे दार ठोठावलं तर उघडतं. आपण शिष्टमंडळ घेऊन जाऊ या. मागणी करू या, की प्रत्येक महाविद्यालयात पेशंट गेल्यानंतर रेसिडेंटला आणि सिस्टरला थोडी सुटका आणि बोलायला जागा मिळावी, ड्युटीचे तास भिंतीवर लागावेत, विश्रांतीची खोली तपासली जावी.

आपल्या सल्ला केंद्रांतल्या कार्यकर्त्या रोज मारहाणीच्या, जाळण्याच्या गोष्टी ऐकतात. त्यांनी ऐकायचं कसं आणि ऐकून स्वतः कोसळायचं नाही कसं, हे वर्षानुवर्षं करून शिकलंय. हे ज्ञान आपण या मुलींना देऊ शकतो. त्या बदल्यात आपण काही मागू शकतो. 2016 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ तिच्या विश्वासाची एक बाई राहू द्यावी असं केंद्र सरकारचं सांगणं आहे. या डॉक्टर मुलींनी ते आपल्या लेबर रूममध्ये लागू करून घ्यावं. कळा देताना बाईचा हात धरायला कोणी असावं, आणि पेशंट गेल्यावर डॉक्टरचा हात धरायला कोणी असावं. या दोन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत.

सुरुवातीला मी विचारलं होतं, यांना काय कमी आहे. पगार, मान, इंग्रजी, सगळं त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे. कमी आहे ते आपल्यासारखं एकमेकींजवळ बसणं. पुढच्या वेळी सिव्हिलमध्ये भांडायला जाल तेव्हा भांडाच, सोडू नका. पण भांडण झाल्यावर त्या टेबलामागच्या पोरीला एवढं विचारा, "तू कधीपासून ड्युटीवर आहेस? जेवलीस का?" ती काय उत्तर देते ते लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीला आणा. शिष्टमंडळाचं निवेदन आपण त्यातूनच तयार करू.